मोफत कर-मदत : सिंगापुरात कोणाला, कुठे आणि कशी मिळते?



मार्च उजाडला की सिंगापुरात दोन गोष्टींची आठवण होते. एक म्हणजे मुलांची आठवडाभराची सुट्टी आणि दुसरी म्हणजे आयकराचे विवरणपत्र. पगारदार माणसाचे काम चहा निवायच्या आत होते, त्यामुळे आपल्याला वाटते की सगळ्यांचेच तसे होत असेल. प्रत्यक्षात तसे नसते. निवृत्त होऊन एक खोली भाड्याने दिलेले काका, घरी गाण्याच्या किंवा गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या ताई, साठीनंतर अर्धवेळ नोकरी करणाऱ्या मावशी यांना 'करपत्र आले आहे, आता काय करू?' हा प्रश्न दरवर्षी पडतो. कोणाला विचारायचे हे ठाऊक नसते आणि पैसे देऊन सल्लागार गाठावा एवढी मिळकत नसते.

अशा सर्वांसाठी ही माहिती एका जागी लिहीत आहे. ज्यांना स्वतःला गरज नाही, त्यांनी ती आपल्या शेजारच्या ज्येष्ठांसाठी वाचावी. खाली जिथे जिथे डॉलर लिहिले आहे, तिथे सिंगापूर डॉलर समजावेत. अपवाद असेल तिथे तसे सांगितले आहे.

इतर देशांत काय असते?

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाईकांकडून 'व्हिटा' हे नाव ऐकले असेल. १९६९ च्या करसुधारणा कायद्यानंतर तिथल्या करखात्याने ही योजना सुरू केली. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक वाचनालयांत, चर्चमध्ये, महाविद्यालयांत बसून कमी मिळकतीच्या लोकांची विवरणपत्रे फुकट भरून देतात. २०२५ च्या हंगामात साधारण ६७,००० अमेरिकन डॉलरपर्यंत मिळकत असलेल्यांना ही सोय होती. साठीपुढच्यांसाठी वेगळी योजना आहे आणि ज्येष्ठांच्या एका मोठ्या संघटनेचे स्वयंसेवक तर १९६८ पासून हे काम करत आहेत. कॅनडात १९७१ पासून अशीच सामुदायिक स्वयंसेवक योजना चालते. ऑस्ट्रेलियात करखाते जुलै ते ऑक्टोबर या काळात स्वयंसेवकांमार्फत मदत देते.

सिंगापुरात या धर्तीची, स्वयंसेवकांनी विवरणपत्र भरून देण्याची देशव्यापी योजना नाही. याचे कारण इथल्या पद्धतीतच आहे. अमेरिकेत पगारातून कर आधी कापला जातो आणि विवरणपत्र भरल्यावर जास्तीचा परत मिळतो. ते न भरल्यास गरिबाचे हक्काचे पैसे अडकतात. सिंगापुरात रहिवाशांच्या पगारातून दरमहा कर कापत नाहीत. वर्ष संपल्यावर मालक मिळकतीची माहिती करखात्याला कळवतो, खाते हिशोब करते आणि नंतर बिल येते. पाच किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक मालकाला ही माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावीच लागते. म्हणजे पगारदाराचे विवरणपत्र बरेचसे भरूनच हातात येते. मदतीची खरी गरज उरते ती ज्यांची माहिती कोणी आपोआप पाठवत नाही अशांना, आणि ज्यांना संगणकाची व सिंगपासची सवय नाही अशांना.

कोणाला विवरणपत्र भरावे लागते?

सिंगापुरात आयकर १ जानेवारी १९४८ पासून लागू आहे. आजचे करखाते, ज्याला सगळे 'आयरास' म्हणतात, ते १ सप्टेंबर १९९२ रोजी स्थापन झाले. इलेक्ट्रॉनिक विवरणपत्र १९९८ मध्ये आले. नियम थोडक्यात असे :

१. आदल्या वर्षाची मिळकत २२,००० डॉलरच्या वर असेल तर भरावे लागते.
२. स्वतःचा व्यवसाय असेल आणि निव्वळ नफा ६,००० डॉलरच्या वर असेल तरी भरावे लागते.
३. करखात्याचे पत्र किंवा संदेश आला असेल, तर मिळकत कमी असली तरी भरावेच लागते.
४. विवरणपत्र भरण्याचा काळ १ मार्च ते १८ एप्रिल.

२००७ पासून 'नो-फायलिंग' सेवाही आहे. ज्यांना तसे पत्र येते त्यांनी आधीच भरलेली माहिती तपासायची आणि ती बरोबर असेल तर काही करायचे नाही. पण इथेच अनेकांची गल्लत होते. पत्रात 'भरण्याची गरज नाही' असे लिहिले असले, तरी भाडे किंवा शिकवणीचे उत्पन्न त्यात दिसत नसेल तर ते स्वतः कळवणे ही आपली जबाबदारी आहे.

मोफत मदत कुठे मिळते?

*आयरासचे सेवाकेंद्र :* ५५ न्यूटन रोडवरील रेव्हेन्यू हाउस. नोव्हिना स्टेशनवरून चालत जाता येते. आधी वेळ ठरवूनच जावे. येथील कर्मचारी शेजारी बसून विवरणपत्र कसे भरायचे ते दाखवतात. याचे शुल्क नसते. फोन आणि संकेतस्थळावरील गप्पा-खिडकीतूनही प्रश्न विचारता येतात. एप्रिलचा दुसरा आठवडा टाळा, तेव्हा सगळे गाव तिथे लोटलेले असते. मार्चमध्येच जाऊन या.

*सर्व्हिस-एसजी केंद्रे :* अवर टॅम्पिनीस हब, वन पुंगोल यांसारख्या ठिकाणी एकाच छताखाली निरनिराळ्या सरकारी खात्यांच्या ऑनलाइन सेवांसाठी मदत मिळते.

*एसजी डिजिटल कम्युनिटी हब :* २०२० मध्ये ज्येष्ठांना डिजिटल व्यवहार शिकवण्यासाठी ही मोहीम सुरू झाली. कम्युनिटी क्लब आणि वाचनालयांमध्ये डिजिटल अँबॅसेडर बसतात. ते कराचा सल्ला देत नाहीत. पण सिंगपास ॲप बसवणे, पासवर्ड नव्याने घेणे, पोर्टलमध्ये शिरणे हे धीराने शिकवतात. अनेक ज्येष्ठांची गाडी नेमकी इथेच अडते, कराच्या गणितात नाही.

इंग्रजी बोलण्याचा संकोच असेल तर सोबत मराठी-इंग्रजी जाणणारे कोणीतरी न्या. दुभाषा म्हणून गेलेल्या माणसाने करतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

कर शून्य आहे, मग भरायचे कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचे उत्तर चुकले तर खरे नुकसान होते.

पहिल्या २०,००० डॉलर करपात्र मिळकतीवर कर शून्य आहे. पुढच्या १०,००० वर २ टक्के आणि त्यापुढच्या १०,००० वर साडेतीन टक्के. शिवाय कष्टाच्या मिळकतीवर वयानुसार सवलत असते : ५५ वर्षांखाली १,००० डॉलर, ५५ ते ५९ वयात ६,००० आणि साठीपासून पुढे ८,०००. समजा, ६२ वर्षांच्या मावशी अर्धवेळ हिशोबनीस म्हणून दरमहा २,००० डॉलर मिळवतात. वर्षाचे झाले २४,०००. त्यातून ८,००० वजा केले की उरतात १६,०००. सीपीएफची वजावट तर अजून धरलेलीच नाही. कर शून्य. पण मिळकत २२,००० च्या वर असल्यामुळे विवरणपत्राच्या बाबतीत त्यांना गप्प बसून चालणार नाही.

आता दुसरे उदाहरण. ४५ वर्षांच्या, सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेल्या ताई शिकवण्या घेतात. वर्षाला १८,००० डॉलर येतात, पुस्तके आणि जागेचा खर्च ३,०००. निव्वळ नफा १५,०००. यावरही कर काही लागणार नाही. पण त्यांनी ही मिळकत कळवली नाही आणि मेडिसेव्ह भरले नाही, तर वर्कफेअर या सरकारी पूरक योजनेचा विचारच होत नाही. ही योजना तिशीपुढच्या कमी मिळकतीच्या नागरिकांसाठी आहे. २०२५ पासून दरमहा सरासरी ३,००० डॉलरपर्यंतची मिळकत तिच्यात बसते. घराचे मूल्य आणि जोडीदाराची मिळकत यांच्याही अटी आहेत. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला यातली १० टक्के रक्कम रोख आणि ९० टक्के मेडिसेव्हमध्ये मिळते. म्हणजे 'कर नाही, मग कशाला' म्हणणारा माणूस स्वतःच्या म्हातारपणाच्या औषधपाण्याचे पैसे सोडून देत असतो.

जीएसटी व्हाउचरची गोष्टही तशीच आहे. २०२५ साली ३९,००० डॉलरपर्यंत आकारणीयोग्य मिळकत असलेले आणि ठरावीक वार्षिक मूल्याच्या घरात राहणारे नागरिक रोख रकमेला पात्र होते. ही मिळकत करखात्याच्या नोंदीवरून ठरते. खर्च वजा करायचे राहिले आणि मिळकत फुगलेली दिसली, तर कर वाढतोच आणि व्हाउचरही जाऊ शकते.

*टीप :* ॲपवरून टॅक्सी किंवा डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यांची मिळकत ॲप चालवणारी कंपनीच कळवते. खासगी भाड्याची गाडी किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांना प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्यांऐवजी एकूण मिळकतीच्या ६० टक्के रक्कम खर्च म्हणून धरता येते.

ज्येष्ठांसाठी : कशावर कर लागतो, कशावर नाही?

*कर लागत नाही :*
- सीपीएफ लाइफमधून दरमहा मिळणारी रक्कम.
- सिंगापुरातील मान्यताप्राप्त बँकांतील ठेवींवरचे व्याज.
- सिंगापुरातील कंपन्यांचा लाभांश.
- व्यक्तीने परदेशातून इथे आणलेली मिळकत. ही सवलत १ जानेवारी २००४ पासून आहे. पुण्याहून किंवा नागपुरातून येणारे निवृत्तिवेतन इथल्या खात्यात जमा केले म्हणून त्यावर इथे कर बसत नाही. भारतात जो लागू असेल तो अर्थातच तिथे भरायचा. इथे नोकरी-धंदा करून परदेशातून मोबदला घेतला, तर तो मात्र या सवलतीत येत नाही.

*कर लागू शकतो :*
- खोली किंवा घर भाड्याने दिल्याचे उत्पन्न. फ्लॅट एचडीबीचा असला तरी भाडे कळवायचे. यातून खर्च म्हणून भाड्याच्या १५ टक्के रक्कम पावत्यांशिवाय वजा होते आणि गृहकर्जाचे व्याज वेगळे. दरमहा १,००० डॉलर भाडे असेल तर वर्षाचे १२,०००, त्यातून १,८०० गेले, उरले १०,२००. दुसरी मिळकत नसेल तर कर शून्य.
- अर्धवेळ नोकरी, शिकवण्या, दलाली. ५०,००० डॉलरपर्यंत दलाली मिळवणाऱ्या एजंटांना २५ टक्के खर्च सरसकट धरता येतो.

व्यवसायाची उलाढाल २ लाख डॉलरपर्यंत असेल तर विवरणपत्रात फक्त उलाढाल आणि निव्वळ नफा एवढेच दोन आकडे द्यावे लागतात. मात्र वह्या आणि पावत्या पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात. एक साधी वही आणि पावत्यांसाठी एक बिस्किटांचा डबा एवढ्यावर काम भागते.

आई-वडिलांच्या सवलतीबद्दल

आपल्या मंडळींकडून सर्वांत जास्त चुकीचा दावा होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर.

आई-वडिलांना सांभाळणाऱ्या करदात्याला, ते सोबत राहत असतील तर प्रत्येकी ९,००० डॉलर आणि सिंगापुरातच वेगळ्या घरी राहत असतील तर प्रत्येकी ५,५०० डॉलर सवलत मिळते. वेगळ्या घरी राहणाऱ्यांवर वर्षात किमान २,००० डॉलर खर्च केलेला असावा लागतो. त्यांचे वय ५५ किंवा अधिक हवे. आता बारकावे पाहू :

१. आई-वडील सिंगापुरात राहत असले पाहिजेत. साताऱ्याला दरमहा पैसे पाठवतो म्हणून ही सवलत मिळत नाही, मग रक्कम कितीही मोठी असो.
२. त्यांची स्वतःची वार्षिक मिळकत मर्यादेत हवी. आकारणी वर्ष २०२४ पर्यंत ही मर्यादा ४,००० डॉलर होती, २०२५ पासून ८,००० डॉलर झाली.
३. या मिळकतीत करमुक्त रकमा आणि परदेशातील उत्पन्नही मोजतात. म्हणजे बाबांचे भारतातील निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज, ते इथे आणले नसले तरी, धरायचे.
४. दोन भावंडे मिळून सांभाळत असतील तर सवलत आपापसात वाटून घ्यावी लागते. दोघांनी पूर्ण दावा करता येत नाही.

दुसऱ्याचे विवरणपत्र भरताना 'सगळे लावतात, तुम्हीही लावा' असे कधीही सांगू नका. दाव्याची जबाबदारी ज्याच्या नावाचे विवरणपत्र त्याची असते. पत्र त्याच्या घरी येते, मदत करणाऱ्याच्या नाही.

नोकरी सुटली, मायदेशी परतायचे आहे

वर्क पासवर आलेल्या, तुटपुंज्या पगाराच्या मुलांना याची कल्पना नसते आणि शेवटच्या महिन्यात हातात पैसे येत नाहीत म्हणून ती घाबरून जातात. परदेशी नागरिकाची नोकरी संपत असेल तर मालकाने किमान एक महिना आधी करखात्याला कळवायचे असते आणि त्याला देय असलेली सर्व रक्कम रोखून ठेवायची असते. खात्याचा निरोप येईपर्यंत किंवा अर्ज पोचल्यापासून ३० दिवस, यांत जे आधी होईल तोपर्यंत हे पैसे थांबतात. कर वजा जाता उरलेले मिळतात. यात फसवणूक काही नाही, कायदाच तसा आहे. म्हणून परतीच्या तिकिटाचे आणि घरभाड्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. ओळखीत कोणी असा मुलगा असेल तर त्याला एवढे आवर्जून सांगा.

स्वयंसेवकांनी पाळायची पथ्ये

आपल्यापैकी निम्मे लोक दिवसभर संगणकापुढेच बसतात. आठवड्याच्या सुट्टीतला एक तास एखाद्या ज्येष्ठासाठी देणे कोणालाही जमण्यासारखे आहे. फक्त मदत करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. कळफलक त्यांच्याच हातात राहू द्या. आपण शेजारी बसून बोटाने दाखवायचे. वेळ जास्त लागतो, पण पुढच्या वर्षी त्यांना आपली गरज निम्मीच लागते.
२. सिंगपासचा पासवर्ड विचारू नका, लिहून घेऊ नका, लक्षात ठेवू नका. याच एका खात्याने सीपीएफ, बँक, घर सगळे उघडते.
३. कागदपत्रांचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये काढू नका.
४. 'पाठवा' हे बटण त्यांनीच, आकडे मोठ्याने वाचून झाल्यावर दाबायचे. पोचपावती त्यांच्याकडेच जतन करायची.
५. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही, आयरासला विचारू' म्हणायचे. यात कमीपणा नाही.
६. त्यांची मिळकत किती, मुले किती पैसे पाठवतात, हे त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. आपला समाज लहान आहे. गणपतीच्या आरतीला सगळे भेटतातच. एकदा विश्वास गेला तर मदत मागायला पुन्हा कोणी येणार नाही.
७. पैसे घेऊ नका. चहा आणि एखादा लाडू चालेल!

फसवणुकीपासून सावध

मार्च-एप्रिलमध्ये 'तुमचा कर परत मिळणार आहे, येथे क्लिक करा' असे बनावट संदेश फिरतात. १ जुलै २०२४ पासून सरकारी खात्यांचे एसएमएस 'गव्ह डॉट एसजी' या एकाच नावाने येतात. वेगळ्या नावाने आलेल्या दुव्याला हात लावू नका. करखात्याचे संकेतस्थळ स्वतः पत्ता टाइप करूनच उघडा. शंका आली तर १७९९ या स्कॅमशील्ड क्रमांकावर फोन करून विचारता येते.

चूक झाली किंवा उशीर झाला तर

- पाठवल्यावर लगेच चूक लक्षात आली, तर सात दिवसांच्या आत किंवा १८ एप्रिलपर्यंत, जे आधी असेल तोवर, एकदा पुन्हा भरता येते.
- आकारणीची नोटीस आल्यावर ती पटली नाही, तर नोटिशीच्या तारखेपासून ३० दिवसांत हरकत नोंदवावी.
- हरकत घेतली तरी कर एका महिन्यात भरायचा असतो. उशीर झाला तर ५ टक्के दंड बसतो. एकरकमी जमत नसेल तर जायरोने १२ बिनव्याजी हप्ते करून मिळतात.
- जुनी मिळकत कळवायची राहिली असेल, तर विवरणपत्राच्या मुदतीपासून एका वर्षाच्या आत आपणहून कळवणाऱ्याला सहसा दंड होत नाही. विचारणा झाल्यावर सांगणे म्हणजे वरातीमागून घोडे.
- विवरणपत्र भरलेच नाही, तर खाते अंदाजाने कर आकारते आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि भारतातले आई-वडील?

इथे बसून आई-बाबांचे भारतातील विवरणपत्र भरणारी मुले पुष्कळ आहेत. भारत सरकारने २००६ मध्ये प्रशिक्षित करसाहाय्यकांची योजना आणली. लहान करदात्यांना अल्प शुल्कात विवरणपत्र भरून मिळावे हा तिचा हेतू होता. १ एप्रिल २०२१ पासून आणखी एक सोय झाली. ७५ वर्षांपुढील ज्या निवासी ज्येष्ठांची मिळकत फक्त निवृत्तिवेतन आणि त्याच ठरावीक बँकेतील व्याज एवढीच आहे, त्यांनी बँकेला घोषणापत्र दिले की बँकच कर कापते आणि विवरणपत्रातून सूट मिळते. बाबांच्या ठेवी चार बँकांत विखुरलेल्या असतील तर मात्र ही सूट मिळत नाही. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढे एक काम करून या.

शिवाय त्यांचा पासवर्ड आणि ओटीपी फोनवरून मागण्याची गरज नाही. भारताच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला अधिकार देण्याची रीतसर सोय आहे. ओटीपी कोणालाही सांगू नका असे आपण त्यांना एकीकडे बजावतो आणि दरवर्षी आपणच तो मागतो. मग एखाद्या दिवशी तिऱ्हाईताने मुलाचे नाव सांगून मागितला तर ते सांगणारच.

जाता जाता

नियम आणि रकमा दर अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे भरण्याआधी आयरासच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे आकडे जरूर पाहावेत. हा लेख म्हणजे करसल्ला नाही, वाट दाखवणारी पाटी आहे.

येत्या मार्चमध्ये प्रत्येकाने आपल्या ब्लॉकमधल्या एका तरी ज्येष्ठाला एवढेच विचारावे, 'काका, करखात्याचे पत्र आले का? बघू या का दोघे मिळून?' संकोचामुळे न विचारलेले अनेक प्रश्न त्या एका वाक्याने बाहेर पडतील.